गोठ्यातली खोटी चूल

नुकत्याच घातलेल्या मातीच्या चुलीला पहिला जाळ लागला की एक कच्चा, ओलसर वास सुटतो. परवा तासगावच्या वाटेवर एका शेतात तो आला आणि मला आमच्या गोठ्यातली खोटी चूल आठवली. चुलत्यांना साखर कारखान्यात नोकरी लागली होती. त्यांच्या पगारामुळं अख्ख्या घराचं रेशन बंद व्हायची वेळ आली, म्हणून कागदावर घर वेगळं करायचं ठरलं. वेगळी चूल बघायला तलाठी येणार होता, तेव्हा आदल्या दिवशी आई आणि चुलतीनं गोठ्यात माती थापून ती घातली. "खोटी असली म्हणून काय झालं?" म्हणत दुसऱ्या दिवशी चुलतीनं हळदकुंकू लावूनच ती पेटवली आणि खरं वाटावं म्हणून चार भाकरी भाजल्या. तलाठी आला, धूर बघितला, सही करून गेला. चुलतीनं तव्यावरची भाकरी चुलत्यांना वाढली आणि कधी नव्हे ती स्वतःही समोर बसून जेवायला लागली. बारा माणसांच्या घरात ती आणि आई कायम शेवटी जेवायच्या. तेवढ्यात सोप्यातनं आजोबा ओरडले, "काम झालं न्हवं? मोडा ती चूल." आई गोठ्याच्या दारात थबकली. तिनं आत बघितलं आणि मागं वळून आजोबांना म्हणाली, "आवं मामा, तलाठी परत येतो म्हणालाय. ऱ्हाऊ द्या." तलाठी असं काहीच म्हणाला नव्हता, मी तिथंच उभी होते. आई खोटं का बोलली ते मला माझ्या लग्नानंतर कळलं, सगळ्यांची ताटं उचलून गार भाकरी मोडताना.