दुसऱ्या नंबरचा तात्या

सुहास गेल्याची बातमी आली तेव्हा मी ऑपरेशन थिएटरमध्ये होतो. मी भूलतज्ज्ञ आहे. टेबलावर सत्तरीच्या एक बाई होत्या, खुब्याचा सांधा बदलायचं काम अर्ध्यावर आलं होतं, आणि सिस्टर दारातून डोकावून म्हणाली की ईशाचे दोन फोन येऊन गेलेत. ईशा म्हणजे सुहासची मुलगी. एरवी केंब्रिजला असते आणि कामाच्या वेळात मला कधीच फोन करत नाही. काय झालं ते मला कळलं. पण झोपवलेला पेशंट टाकून भूलतज्ज्ञाला जाता येत नाही. दुसरा येऊन शेजारी उभा राहीपर्यंत जागा सोडायची नसते. आणि त्या दिवशी जो मोकळा असायला हवा होता तो कुठल्याशा मीटिंगमध्ये जाऊन बसला होता. चाळीस मिनिटं मी मॉनिटरवरचे आकडे बघत उभा होतो आणि मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या घालत होतो. शेवटी बाहेर येऊन फोन लावला. "काका, बाबा गेला," ईशा म्हणाली. आणि मग, "तुम्ही लगेच फोनवर आला नाही, I thought, अजून राग आहे का..." मी तिला राग नाही म्हणालो. ते तेव्हा पूर्ण खरं नव्हतं, आजही नाही.

आमचं भांडण कशावरून झालं होतं हे सांगायला मला लाज वाटते. अमेरिकन फुटबॉलच्या एका टीमचा दुसऱ्या नंबरचा रनिंग बॅक कोण असावा, यावरून. दोघंही पन्नाशीचे, दोघंही कन्सल्टंट डॉक्टर, एकाला कॅन्सर झालेला, आणि भांडतोय कशावर तर अटलांटिकच्या पलीकडल्या, आयुष्यात कधी न भेटलेल्या दोन माणसांवर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्या माणसांचा हा खेळ. त्यात रनिंग बॅक म्हणजे बॉल छातीशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसणारा गडी. असा गडी फार काळ धड राहत नाही. आज गुडघा, उद्या घोटा. म्हणून प्रत्येक टीमकडे एक दुसरा तयार ठेवलेला असतो. तो बॅकअप. सुहासला या खेळाचा नाद लागला तो बर्मिंगहॅमला, आम्ही ज्युनियर डॉक्टर असताना. डॉक्टरांच्या मेसमधल्या टीव्हीचा रिमोट हरवला होता आणि रविवारी संध्याकाळी ज्या चॅनेलवर टीव्ही अडकलेला असे त्यावर हेच चालू असायचं. मी पेपर वाचायचो. हा हाडांचा डॉक्टर टीव्हीसमोर उकिडवा बसून म्हणायचा, "अरे, बघ तरी, याचा गुडघा आत वळतोय. हा ख्रिसमस बघत नाही." आणि तो माणूस खरोखरच ख्रिसमसच्या आत लंगडत बाहेर जायचा. मग मीही पेपर ठेवला.

पुढे दोघंही साउथहॅम्प्टनला आलो, घरं घेतली, मुलं झाली, आणि सुहासनं लीग काढली. सहा मराठी घरं; कुणी इथलं, कुणी बर्मिंगहॅमचं, एक केंब्रिजचं. खऱ्या व्यावसायिक टीम्समधले खेळाडू आपापसात वाटून घ्यायचे, आणि खऱ्या मॅचमध्ये तो खेळाडू जितका पळेल तितके गुण आपल्या कागदावरच्या टीमला. सुहासची आणि माझी टीम एकच होती, कारण पहिल्या वर्षी मला नियमच कळत नव्हते. ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे इथल्या सार्वजनिक सुट्टीला, त्याच्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत निवड व्हायची, मिसळ आणि ब्रेडच्या साक्षीनं. खेळाडूंची नावं आमच्या जिभेवर बसायची नाहीत म्हणून आम्ही बारसं करायचो. आणि सुहासचा एक नियम होता, ज्यानं आम्हां सगळ्यांना वर्षानुवर्षं छळलं. खेळाडू घ्यायचा तर सगळ्यांसमोर कारण द्यायचं. आवडतो म्हणून, नाव बरं वाटलं म्हणून, अमक्यानं सांगितलं म्हणून, हे चालायचं नाही. बर्मिंगहॅमच्या प्रशांतला त्यानं एकदा बॉल लाथेनं उडवणाऱ्या एका किकरवरून वीस मिनिटं उभं केलं होतं. मिसळ थंड झाली. प्रशांतची बायको पुढची दोन वर्षं आली नाही.

तो असाच होता, आणि गेल्यावर माणसं जशी गोड होतात तसा मला तो करता येत नाही. वाक्य पुरं करू द्यायचा नाही. जेवायच्या वेळेला फोन करायचा. लोकांच्या लग्नात जाऊन कोण कसं चालतंय ते बघायचा आणि माझ्या कानाशी लागून सांगायचा की नवऱ्या मुलाच्या आत्याचा डावा गुडघा दोन वर्षांत जाणार. पहिल्या नंबरच्या खेळाडूवर तो पाच मिनिटंही घालवायचा नाही. पहिला कोण ते सगळ्यांनाच कळतं, म्हणायचा. त्याचा सगळा जीव दुसऱ्यात. त्यासाठी त्यानं हॉस्पिटलनं टाकून दिलेला वॉर्डातला पांढरा बोर्ड घरी आणून पुढच्या खोलीत टांगला होता, वैदेहीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, नाकावर टिच्चून. बोर्डावर खेळाडूंची नावं आणि नावापुढे बाणच बाण. खेळाडू पुढे पडला की वर जाणारा बाण, मागे पडला की खाली. "धक्का लागला की सगळेच पडतात," तो मला समजवायचा. "पुढे पडला तर जाता जाता एक यार्ड देऊन जातो. दुसऱ्याला बाकी काही नाही आलं तरी एवढं यायला पाहिजे. आणि महिना महिना बेंचवर न चिडता बसता आलं पाहिजे." एकेक धाव तो चारचारदा मागे नेऊन बघायचा. एक मॅच संपायला आमची दोन मॅचइतकी संध्याकाळ जायची.

मार्चमध्ये त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. आम्ही दोघंही डॉक्टर; आकडे एकमेकांना सांगायची गरज नव्हती. त्यानंतरचे महिने मी जवळून पाहिले आणि तेव्हा मला जे दिसायला हवं होतं ते दिसलं नाही. त्याचा पलंग वरून खाली पुढच्या खोलीत आला, ते ईशानं ठरवलं. त्यानं काय खायचं ते वैदेहीनं. ज्या मीटिंगमध्ये बसून त्यानं वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या हाडांचे निर्णय घेतले, तसल्याच एका मीटिंगमध्ये त्याच्या पोटाचे निर्णय होत होते आणि तो घरी बसला होता. त्याच्या तब्येतीची चौकशी लोक कॉरिडॉरमध्ये माझ्याकडे करायचे. सगळे प्रेमानंच वागत होते. पण पूर्वी ज्या माणसाला विचारल्याशिवाय घरात कुंडी हलत नव्हती त्याला आता चहात साखर किती हेसुद्धा कुणी विचारत नव्हतं.

ऑगस्टची निवड मात्र त्यानंच घेतली, उशांना टेकून. आमच्याकडे पहिल्या नंबरला रेडा होता, नावाप्रमाणेच. त्याच्याच टीममध्ये त्याच्यामागे दोघं रांगेत होते. एक एकतीस वर्षांचा, थोडं टक्कल, पोक काढून चालणारा. त्याचं नाव आम्ही तात्या ठेवलं. दुसरा बावीसचा, वाऱ्यासारखा, तो चिरंजीव. दोघांतला बॅकअप कोण हे त्या टीमच्या कोचनंही अजून जाहीर केलं नव्हतं. सुहास म्हणाला तात्या. मी म्हणालो चिरंजीव. त्यानं तात्याचे बाण दाखवले, मी चिरंजीवचा वेग सांगितला. तासभर चाललं. शेवटी मी वैतागून म्हणालो, "कर तुला हवं ते." तात्या आमचा झाला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुहासला कावीळ झाली म्हणून पित्ताच्या नळीत स्टेंट घालायला नेलं. तो आत होता, मी बाहेर वेटिंग रूममध्ये. त्याच दुपारी फोनवर आलं की पहिल्या मॅचला चिरंजीवला जास्त वेळ मिळणार. मला वाटलं, वेळ आहे तोवर करून टाकू, उगाच त्याच्या डोक्याला ताप नको. मी तात्याला काढलं आणि चिरंजीवला घेतलं. दोन बटणं दाबायची होती. आमच्या लीगमध्ये सोडलेला खेळाडू पहिल्या मागणाऱ्याला मिळतो. संध्याकाळपर्यंत तात्या प्रशांतचा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सुहासनं फोन केला. आवाज ओढलेला होता, पण शब्द स्पष्ट होते. "मला विचारलं नाहीस."

"अरे, तू गुंगीत होतास."

"मग थांबायचं. मॅच रविवारी आहे."

"एवढं काय झालं त्यात? गेम आहे."

"गेमच आहे," तो म्हणाला. "तेवढं एकच राहिलं होतं. तेही तू..." आणि फोन ठेवला. मी इतका चिडलो की अकरा दिवस तिकडे फिरकलो नाही. घर गाडीनं सात मिनिटांवर आहे. आजारी माणसानं काहीही बोलावं आणि आपण ऐकून घ्यावं, असं कुठे लिहिलंय, असं मी माझ्या बायकोला सांगत होतो. अकरा दिवस. आता ते दिवस मी कुणाकडे मागू?

ईशानं तिच्या मोडक्या मराठीत फोन केला, "काका, बाबाचा तब्येत बरा नाहीये, तुम्ही या ना." तेव्हा मी प्रशांतला गाठून तात्या परत मागितला. "घे रे, तसाच घे," तो हळव्या आवाजात म्हणाला, आणि त्याचाही मला राग आला. मी बदल्यात आमचा बॉल झेलणारा एक चांगला गडी त्याच्या गळ्यात मारला आणि सुहासकडे गेलो. पुढच्या खोलीत पलंग, पलंगासमोर बोर्ड. तो फारच लहान दिसत होता.

"तात्याला परत आणलंय," मी म्हणालो.

"का?"

"का म्हणजे? तू म्हणत होतास म्हणून."

"हे कारण होत नाही. नियम माहीत आहे ना?"

"सुहास, आता कसले नियम..."

"आता म्हणजे?" त्यानं डोळे माझ्यावर रोखले. मी बोर्डाकडे वळलो. मग म्हणालो, "बरं बाबा, पटलं मला. तात्याच बरोबर."

"खोटं बोलतोयस," तो म्हणाला. "पेशंटशी बोलतात तसं बोलतोयस माझ्याशी." मग मान खिडकीकडे वळवली. "जा, चहा घे. वैदेहीनं टाकलाय." चार दिवसांनी तो गेला, आणि आमचं शेवटचं बोलणं हे असं राहिलं.

क्रिमेटोरियमबाहेर लीगची मंडळी म्हणाली, तात्याला वर्षभर ठेव, सुहासची आठवण म्हणून. मी एकदम भडकलो. आठवण म्हणून ठेवायचं हे तर त्याच्या नियमात मुळीच बसत नव्हतं. पण काढायला गेलो की बोट बटणावर जाऊन थांबायचं. मनापासून ठेवताही येईना आणि काढताही येईना. जाताजाता हा माणूस मला असा अडकवून गेला, याचा त्रास कसा सांगू... रडू यायला हवं तिथे मला संताप यायचा.

ऑक्टोबरच्या मध्यावर रेड्याचा घोटा गेला आणि कोचनं तात्याला उठवलं. त्या रविवारपासून मी संध्याकाळी सहाला सुहासकडे जातो. पलंग गेला, सोफा जागेवर आला, बोर्ड तसाच आहे. मॅच लागली की वैदेही इतकी वर्षं दार लावून वर जायची; आता समोर मेथी निवडत बसते आणि टीव्हीकडे बघत नाही असं दाखवते. पहिल्या दिवशी बोर्डावर तात्याच्या ओळीत सुहासनं जुन्या मॅच बघून काढलेले बाण होते, शेवटचे जरा थरथरलेले, आणि पुढे मोकळी जागा. मी पेन उचललं. तेव्हापासून एकेक धाव मागे नेऊन बघतोय, चारचारदा, आणि बाण काढतोय. तात्या हळू आहे. टाळ्या पडाव्यात असं तो काही करत नाही. पण तीन माणसं अंगावर असली तरी खांदा पुढे टाकून पडतो, उठतो, बॉल पंचांकडे देतो. गेल्या रविवारी बघता बघता माझ्या लक्षात आलं की मला पटलंय. कुणाची समजूत काढायला नव्हे, खरंच पटलंय. चिरंजीव बेंचवर चिडून बसला होता, आणि मी सोफ्यावर पेन धरून बसलो होतो, आणि ज्याला सांगायचं तो नव्हता. माझं अकरा दिवसांचं गाडं तिथेच येऊन अडतं.

मॅच संपता संपता तात्याला पुन्हा बॉल दिला. त्या धावेत त्याला कुणीतरी खालून उचललं आणि तो सरळ पाठीवर आपटला. मी बोर्डापाशी उभा होतो. आदल्या आठही धावांचे बाण वर होते. या धावेचा बाण न काढताच मी पेनचं टोपण लावायला लागलो.

"मागे पडला ना तो आत्ता?" वैदेही म्हणाली. तिचे हात मेथीतच होते.

"हो."

"मग काढ की."

मी टोपण काढलं आणि खाली जाणारा बाण काढला, नीट, टोकासकट.