कोपरकरांवरचं संकट घेणारे मासे

घरातला मासा मेला म्हणून पेढे वाटणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. खांदा कॉलनीत आमच्या समोरच्याच दारात राहायचे. वसंत कोपरकर. सकाळी बेल वाजायची आणि दारात हे गृहस्थ उभे, हातात पेढ्यांचा पुडा, चेहऱ्यावर मुलगा बोर्डात आल्याचा आनंद. "घ्या, तोंड गोड करा. आज एक गेला. माझ्यावरचं घेऊन गेला हो बिचारा!"

हे खूळ त्यांच्या धाकट्या भावाचं. कामोठ्याला राहणाऱ्या या भावाने कुठला तरी वास्तुवाला धरून आणला आणि त्याने हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात काचेची टाकी ठेवायला लावली. आठ सोनेरी मासे, एक काळा. घरावर येणारं संकट मासे अंगावर घेतात, फारच मोठं असेल तर काळा घेतो. आठवड्याला एक तरी मरायचा आणि त्याच्या जागी लगेच नवा यायचा. म्हणजे कोपरकरांच्या घरावर दर आठवड्याला संकट येत होतं! स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेल्या, तिसऱ्या मजल्यावर पेपर वाचत बसणाऱ्या माणसाच्या मागे लागायला संकटांना दुसरा उद्योग नव्हता का, हे विचारायचं नाही. विचारलं की म्हणायचे, "तुम्ही मासे नुसते पाळता. मासे कळत नाहीत तुम्हाला."

मासे का मरतात, ते मला चांगलं कळत होतं. कंपनीचं स्टोअर चकचकीत ठेवायची सवय या माणसाच्या हाडात मुरली होती. दर शनिवारी ते टाकीतला फिल्टर उघडत, त्यातला स्पंज नळाखाली धरत आणि भांड्यांच्या साबणाने घासत. वर मला बोलावून दाखवत, "बघा, ऑपरेशन थिएटरमध्ये चालेल!" अहो, त्या स्पंजवरचा तपकिरी बुळबुळीत थर म्हणजे घाण नव्हे. माशांची घाण पचवणारे जंतू त्यातच असतात. ते साबणाने आणि क्लोरीनच्या पाण्याने मारले की टाकी दिसायला स्वच्छ आणि आत विष. शिवाय झोपताना फिल्टर बंद, का तर घुरघुर ऐकून साहेबांना झोप लागत नाही. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. "जंतू वाईट असतात हे मी शाळेत शिकलोय," एवढंच उत्तर.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पेढे खाऊन गप्प बसलो असतो. पण त्यांच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबायचे, डावा खांदा चोळायचे, घामाने शर्ट भिजलेला. कोपरकरवहिनी डॉक्टरकडे चला म्हणाल्या की टाकीकडे बोट. "कालच एक गेला ना? माझं दुखणं घेऊनच गेला तो."

एका दुपारी वहिनी माझ्याकडे आल्या. रडत नव्हत्या, भडकल्या होत्या. "भाऊ, काहीही करा, पण हे मासे मरायचे थांबवा. ते मरतायत तोवर हा माणूस डॉक्टरकडे जायचा नाही."

मी पनवेलच्या बाजारात गेलो. दुकानदार एक भलामोठा, बाहेर ठेवायचा फिल्टर गळ्यात मारत होता. तो उघडून धुवायचा म्हणजे कोपरकरांना आयतं कोलीत. मी दोन साधे स्पंज फिल्टर घेतले, हवेच्या पंपावर चालणारे. पंप बॅटरीवरही चालेल असा बघितला, कारण लोडशेडिंगने तेव्हा उच्छाद मांडला होता. फिल्टर दोन अशासाठी, की एका वेळी एकच धुवायचा, तोही टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलका पिळून. मग माझ्या टाकीतला जुना स्पंज आणून त्याचं गढूळ पाणी नव्या स्पंजांवर पिळलं. वहिनी म्हणाल्या, "विरजण लावलंत म्हणजे!" नवऱ्याला वर्षभरात जे कळलं नाही, ते या बाईला बघताक्षणी कळलं.

"पण त्यांच्या हाताचं काय?" मी विचारलं.

"ते माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी घरात जाहीर झालं की टाकीला पुरुषाचा हात लागला तर ती लाभत नाही. कोपरकरांनी निमूट मान हलवली. या माणसाला खरं पटवताना घाम फुटायचा, थाप मात्र जागच्या जागी पटायची.

मासे मरेनात. गणपती येऊन गेले, नऊच्या नऊ हुंदडतायत. कोपरकरांचा चेहरा उतरत चालला. टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे, एखादा मासा जरा तळाला टेकला की आशेने वाकून बघायचे. मला म्हणाले, "सगळे ठणठणीत आहेत हो. आता माझं कोण घेणार?" यावर हसावं की थोबाडीत द्यावी? पण भीतीने का होईना, त्यांनी हार्टच्या डॉक्टरची वेळ घेतली. दसऱ्यानंतरच्या सोमवारची. वहिनींनी मला वाटीभर शिरा आणून दिला.

दसऱ्याला वहिनी आपट्याची पानं आणायला गेल्या आणि घात झाला. कंपनीत दसऱ्याला प्रत्येक यंत्र धुऊनपुसून पुजायचे. त्याच हिशेबाने कोपरकरांनी मिक्सर पुजला, इस्त्री पुजली, पंखा पुजला. मग नजर गेली टाकीकडे. फिल्टर म्हणजे यंत्रच की! दोन्ही स्पंज साबणाने घासले, उन्हात वाळवले, परत बसवले, पंपाला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. वहिनी परतल्या तेव्हा हे हात जोडून उभे. "यंत्राची पूजा पुरुषानेच करायची असते," असं वर त्यांनाच ऐकवलं. वहिनींनी मला हाक मारली. आम्ही पाणी बदललं, मी माझा चालता स्पंज काढून त्यांच्या टाकीत लावला. बाकीचे तगले. काळा रविवारी सकाळी उलटा तरंगत होता.

इतका खूश माणूस मी दुसरा पाहिला नाही. "काळा गेला! म्हणजे केवढं मोठं असेल!" मी पेढ्याला हात लावला नाही. "कोपरकर, तो तुमच्या साबणाने मेलाय. उद्या डॉक्टरकडे चला, नाहीतर उचलून नेईन."

"आता कशाला? मी फोन करून वेळ रद्दसुद्धा केली."

वहिनींनी हात जोडले. ते हसले. सोमवारी सकाळी दूध आणायला उतरले आणि जिन्यात बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

मला अजून त्यांचा संताप येतो. माझी बायको हॉस्पिटलात होती तेव्हा माझ्या मुलीची वेणी घालून तिला शाळेत सोडणारा हाच माणूस होता, म्हणून तर जास्त येतो. इतका मायाळू आणि इतका बिनडोक माणूस एकाच शर्टात कसा मावतो, देव जाणे.

तेराव्याला कामोठ्याचा भाऊ लोकांना समजावत होता, "मासा लहान पडला. संकट एवढं मोठं, मासा एवढासा. मी दादाला सांगत होतो, मोठा मासा ठेव." दोनचार माना डोलल्या. वहिनी वाढता वाढता थांबल्या.

"मासा साबणाने मेला, भावजी, आणि माझा नवरा त्या माशापायी. उरलेले आठ मी जगवणार आहे. यापुढे या घरावर काही आलं तर ते मी घेईन, माशांना कोणी मध्ये घालायचं नाही."