हातावरचं दही

दिल्लीच्या मॉलमध्ये प्रवासाच्या क्रेडिट कार्डांचं टेबल होतं. त्यावरच्या चित्रात समुद्र, आरामखुर्ची, हातात ग्लास. घरी जाणारं त्यात कुणीच नव्हतं.

"सर, हे काळं घ्या. परदेशातली हॉटेलं स्वस्त पडतात," टेबलामागच्या बाई म्हणाल्या.

आठवीत शाळा सोडलेल्या मला कुणी सर म्हटलं की अवघडायला होतं. बरंही वाटतं. तरी म्हणालो, "नको. ते साधं द्या, ज्याच्या पॉइंटांवर नांदेडहून इकडचं तिकीट मिळतं."

"त्यात काय मजा, सर?"

मजा तुमची तुम्हाला लखलाभ. दर खेपेला माझ्या हातावर दही घालून मला वाटेला लावणारी आई स्वतः कधी कुठे निघालीच नाही. आता निघेल, विमानाने, खिडकीशी बसून. आणायला मी जाणार, आणि उंबऱ्यात तिच्या हातावर दहीही मीच घालणार.