घरातली सर्दी

“माणसाची सर्दी माकडाला होणार म्हणे,” औषधाची बाटली हलवत नवरा म्हणाला. “हे ऐकायचं बाकी होतं.”

“माकड नाही, ओरांगउटान. त्यांना शेपूट नसतं.”

“शेपूट नसलं की शिंका येतात?”

ती बाहेरच्या खोलीत गेली, परत आली, गॅस बंद आहे का ते पुन्हा पाहिलं. वर्तमानपत्रातली तिची सगळी नोकरी पाणीकपात, तुंबलेली गटारं आणि निधनवार्तांत गेली होती. मागे एका गोदामात खोक्यात ओरांगउटानचं पिल्लू सापडलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी तीच पोचली. पण बातमी आतल्या पानावर विनोदाच्या चौकटीला खेटून लागली, वर संपादकांचा मथळा: ‘पाहुणे आले खोक्यातून’. पिल्लू कोणी धरलं, कोणी विकलं, पुढे त्याचं काय झालं, हे कोणाला आणि कसं विचारायचं तेच तिला कळलं नव्हतं. ती रुखरुख जाईना. वानरांच्या संरक्षणावर लिहिणाऱ्या पत्रकारांसाठी प्रशिक्षण आहे असं समजलं, तसा तिने गुपचूप अर्ज केला, आणि निवड झाली. सोमवारी निघायचं होतं, थेट ओरांगउटानच्या अनाथ पिल्लांच्या केंद्रात.

अट एकच. साधी सर्दीसुद्धा त्या पिल्लांच्या जिवावर उठते, म्हणून येणाऱ्याच्या घरातही कोणी आजारी नको. आणि तिची मुलगी ठकी सकाळपासून तापाने फणफणली होती. आईच्या मैत्रिणीने डबा दिला, आजीने काढा दिला, पण ठकीला हवी होती आई.

“सांगूच नकोस,” नवरा म्हणाला. तो औषधांच्या दुकानात कामाला होता. “तू ठणठणीत आहेस ना? जा एकदाची. या येरझाऱ्या तरी थांबतील.”

तेवढ्यात फोन वाजला. प्रशिक्षण देणाऱ्या बाई होत्या. घरी सगळे बरे आहेत ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सासूबाईंनी खुर्चीतूनच हात हलवला: हो म्हण. आतून ठकी खोकली.

“मुलीला सर्दी-ताप आहे,” ती म्हणाली. “मला अजून काही नाही.”

“सांगितलंत ते बरं झालं,” बाई म्हणाल्या. “ आत्तापासून वेगळ्या राहा. सोमवारी सकाळी घसा साफ असेल तर या. नाहीतर पुढची तुकडी. ती निघेलच, असं मात्र सांगत नाही.”

“हरिश्चंद्राची लेक आली आमच्या घरात,” सासूबाई पुटपुटल्या.

तिने आवंढा गिळून पाहिला. घशात काहीतरी टोचलं. की भास?

“आई, इथे बस ना,” आतून ठकी.

ती उंबऱ्यापर्यंत गेली. ठकीने पांघरुणातून हात काढून पुढे केला. तो तसाच राहिला. ती मागे वळली, कपाटातून चादर काढली, थर्मामीटर घेतला, फोनचा चार्जर शोधला.

“मी सोमवारपर्यंत गच्चीवरच्या खोलीत राहणार,” ती म्हणाली. “रात्री ठकीपाशी तू झोपायचं. आई, माझं ताट जिन्याच्या पायरीवर ठेवा. वर कोणी यायचं नाही.”