लेहहून खाली येणारी सीट

शत्रू कुठल्या दिशेने येणार आहे, हे तुम्हाला शेवटचं कुणी समजावून सांगितलं? आणि ते ऐकताना तुम्ही एसीत बसला होतात का?

मी बसले होते. जुलैतला रविवार होता. चंदीगडच्या मराठी मंडळींनी एका निवृत्त कर्नलसाहेबांचं व्याख्यान ठेवलं होतं. विषय होता हवामान बदल आणि देशाची सुरक्षा. पुढच्या रांगांत बदलीवर आलेले लष्करी अधिकारी आणि त्यांच्या बायका, मागे बँकेतली आणि सरकारी खात्यांतली कुटुंबं. पडद्यावर नकाशा होता आणि नकाशावर लाल बाण. सगळे बाण बाहेरून आत येणारे.

"समुद्र वर चढला की ही माणसं घरं सोडणार," कर्नल म्हणाले. "आणि येणार कुठे? आपल्याकडे. कुंपण आत्ताच मजबूत करायला हवं."

माणसांचे बाण. ज्यांची घरं बुडणार तेच शत्रू. मला तिथेच उठावंसं वाटलं, पण मी भांडायला गेले नव्हते. कर्नलच्या ओळखीने माझ्या दादाला लेहहून निघणाऱ्या विमानात जागा मिळते का, हे विचारायला गेले होते.

आमचे अण्णा सातारा जिल्ह्यातले. तरुणपणी पिंजौरजवळच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले आणि युनियनमध्ये इतके गुंतले की परतच गेले नाहीत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. पत्रक छापायला जाण्याआधी अण्णा ते चंदीगडच्या कडेला मनीमाजऱ्यातल्या आमच्या खोलीत उभे राहून मोठ्याने वाचत. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडायचं. "गेटवर ऐकणाऱ्याची जेवणाची सुट्टी संपत आलेली असते," म्हणत. आई शेजारच्यांना सांगायची, "आमच्याकडे रेडिओची गरज नाही."

दादा फौजेत भरती झाला तेव्हा अण्णांनी त्याला दारात अडवलं. "दुसऱ्यांनी लावलेल्या भांडणात मरायला चाललास," म्हणाले. दादा त्यांच्या हाताखालून वाकून निघून गेला. तेव्हापासून दोघांमधली डाक मी. "अण्णांना सांग, पैसे पाठवलेत." "त्याला सांग, मिळाले." एवढंच.

मग अण्णांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं आणि गुरुवार ठरवला. पुढे ढकलता येईल का, असं मी विचारलं. श्वास अडायला लागलाय, नाही येणार, असं उत्तर मिळालं. "आवाज राहणार नाही. जे बोलायचं ते बोलून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अण्णांनी मला खाटेजवळ बोलावलं. आवाज एव्हाना सायकलच्या सुटलेल्या चेनसारखा झाला होता. "त्याला बोलाव. मला त्याच्याशी बोलायचंय." आणि त्यांनी तोंड बंद केलं. आयुष्यभर गेटवर ओरडलेला माणूस उरलेला आवाज मुलासाठी राखून ठेवायला लागला. पाणी हवं असलं तरी बोट दाखवायचे.

दादाची सुट्टी लगेच मंजूर झाली. तो वरच्या चौकीवरून लेहला उतरून आला. त्याला ट्रकने निघता आलं असतं. रस्ता उघडा होता, मंगळवारपर्यंत मनीमाजऱ्यात पोहोचला असता. पण वर राहणारी सगळी फौजी मंडळी मानतात तेच त्यानेही मानलं. फौजेच्या विमानाची सीट मिळाली की रस्त्याची सोडायची. सकाळी लेह, दुपारी चंदीगडला घरचं जेवण. ट्रकमधली जागा त्याने दुसऱ्या एकाला देऊन टाकली. "ट्रकमध्ये हाडं कशाला मोडून घेऊ यार? उद्या पक्का पोहोचतो," फोनवर म्हणाला. त्या आठवड्यात लेहमध्ये ऊन असं पडलं होतं की लोक घरात पंखे शोधत होते. आधीच विरळ हवा. ती तापली की आणखी विरळ होते आणि विमानाला उचलत नाही. मग वजन कमी करतात. आजारी माणसं आधी, ते योग्यच. उतरवायचे ते सुट्टीवाले. नागरी विमानांचीही तीच गत होती. दादा दोनदा सामान घेऊन रांगेत उभा राहिला आणि दोनदा परत पाठवला गेला. तोवर खाली दरड कोसळून रस्ताही बंद पडला.

म्हणून मी त्या हॉलमध्ये होते. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं. कर्नलना आश्चर्य वाटलं नाही, याचाच मला जास्त राग आला.

"होतं तसं, बेटा," ते म्हणाले. "उन्हाळ्यात लोड कमी करावा लागतो. म्हणूनच मी म्हणतो, जास्त ताकदीची विमानं हवीत. लांब धावपट्ट्या हव्यात."

"म्हणजे आणखी इंधन जाळायचं?"

"देशाचं रक्षण सायकलवरून होत नाही."

हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळून म्हणाल्या, "अगं, आमचे हे सियाचिनला होते तेव्हा आम्ही कुठे तक्रार केली?"

"तुमच्या ह्यांच्या वेळी तुम्ही तक्रार केली असतीत, तर आज मला करावी लागली नसती, काकू."

"फार तोंड आहे हं हिला."

"वडिलांचं आहे. त्यांचं गुरुवारी काढणार आहेत."

कर्नल खाली उतरले, मला बाजूला नेऊन त्यांनी खरोखर दोन फोन लावले. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं. फोन ठेवून म्हणाले, "जागा देतील गं. पण विमान उठायला हवं. हवेला ऑर्डर देता येत नाही."

"मग कुंपण कुणाला घालताय?" मी विचारलं. "त्या नकाशावर लेहमध्ये अडकलेल्या माणसाचा बाण कुठेय?"

मागून कुणीतरी पोहे गार होताहेत म्हणून हाक मारली आणि कर्नल गेले.

बुधवारी संध्याकाळपर्यंत विमान उठलं नाही. मी दादाला फोन लावला आणि अण्णांच्या तोंडाशी धरला. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना त्याचं तोंड बघून बोलायचं होतं. मी हट्ट धरला. तेव्हा त्यांनी माझं मनगट पकडलं, श्वास भरून घेतला आणि बोलले. मी शेजारी उभी होते म्हणून मला कळलं. "दारात अडवलं ते चुकलं. माझा राग पाठवणाऱ्यांवर होता. तू माझाच आहेस." दम लागेल तिथे वाक्य तोडत होते.

पलीकडून दादा म्हणत होता, "हो अण्णा. हो. हो." त्याला काही कळलेलं नव्हतं. फोनमध्ये फक्त खरखर पोहोचत होती. अण्णांनी दोनदा सांगितलं, दोनदा त्याचा तोच "हो". नंतर मी बाहेर जाऊन त्याला सांगायला लागले तर तो ओरडला, "तू नको सांगूस! आयुष्यभर तूच सांगत आलीयस."

गुरुवारी ऑपरेशन झालं. शनिवारी तो पोहोचला. बूट न काढता खाटेशी बसला. अण्णांचे ओठ हलले आणि हवा गळ्यातल्या छिद्रातून बाहेर गेली. आमच्या घरातला मोठा आवाज तिथून गेला आणि नुसती हवा झाला. दादाने हात धरला आणि हिंदीत काहीतरी बडबडला. तो रडायला लागला की हिंदीत जातो.

मला सांगतात, हा योगायोग. ऊन कुणी मुद्दाम पाडलं नाही. ठीक आहे. पण रणगाडे, जहाजं आणि विमानं किती धूर सोडतात याचा हिशेब जगासमोर ठेवायला कुठलंही सरकार बांधील नाही, हे मुद्दाम ठरवलेलं आहे. तोच धूर हवा तापवतो. मग त्याच हवेवर मात करायला आणखी मोठी इंजिनं मागायची, आणि घर बुडालेल्या बाईला धोका म्हणायचं. याला सुरक्षा म्हणणारे माझ्या भावाचं रक्षण करत नाहीत. त्याला विमानातून उतरवतात आणि त्याच्या नावाने टाळ्या घेतात.

तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात, वर डोंगरात पोस्टिंगवर असलेल्या कुणाचं तरी घर असेलच. या आठवड्यात तिथे जा. मेसेज पाठवू नका, दार वाजवा. उन्हाने, दरडीने, पुराने त्यांचा माणूस कधी अडकला ते विचारा आणि ऐकून घ्या. मग तुमचा खासदार गावात आला की त्या घरातल्या बाईला पुढे उभी करा, तिच्या शेजारी उभे राहा आणि सगळ्यांसमोर त्याला विचारा, आपलं सैन्य किती इंधन जाळतं, ते तू संसदेत कधी विचारणार?