मामलेदाराचा खोकला

शहापूरच्या पेठेत कुंडलिक उदबत्तीवाल्याचं घर नाकानं शोधावं लागे. डोळ्यांचा तिथं उपयोग नव्हता. दार उघडलं की आधी धूर बाहेर येई, मग खोकला, आणि सगळ्यात शेवटी कुंडलिक. कोळशाची पूड, चंदनाचा भुसा, राळ आणि नागरमोथा मळून तो काड्यांवर वळी. मळलेल्या प्रत्येक गोळ्यातली एक काडी स्वतः पेटवून, डोळे मिटून, ध्यानस्थ साधूसारखा हुंगत बसे. साधूला मात्र एवढं पोट नसतं.

"ज्याला धूर नाय तो वास कसला गो?" असं तो बायकोला, सुंदराला, दिवसातून चारदा विचारी. तिनं उत्तर देणं केव्हाच सोडलं होतं.

घरात तिसरा जीव म्हणजे पोपट. लेक देवकीनं तो पिल्लू असल्यापासून वाढवला. शेजारच्या ठकीच्या मांजराच्या भीतीनं पिंजरा थेट आढ्याला टांगलेला. एवढ्या उंचावरून तो सगळ्यांवर डाफरतो म्हणून देवकीनं त्याचं नाव ठेवलं मामलेदार. दोन वर्षांपूर्वी ती लग्न होऊन टोकावड्याला गेली. बैलगाडीत बसल्यावर रडता रडता एवढंच म्हणाली, "आबा, मी येईन तवा यानं मला हाक मारली पायजे." सासरच्यांनी दोन वर्षं तिला माहेरी धाडलंच नाही. आता, सन अडतीसच्या नागपंचमीला, पाच दिवसांसाठी का होईना, ती येणार होती.

आणि नेमका मामलेदार मुका झाला होता.

एरवी तो हुबेहूब कुंडलिकच्या आवाजात "अगो सुंदरे!" म्हणे. हाक ऐकून ती हात पुसत बाहेर येई आणि पोपटाला शिव्या देऊन परत जाई. खोकलाही तो कुंडलिकचाच खोके, शेवटच्या 'हुश्श'सकट. म्हणून आषाढात त्याचं खोकणं वाढलं तेव्हा दोघं कौतुकानं हसली. आठ दिवसांपूर्वी खोकणं थांबलं, तेव्हा हसणंही थांबलं. तो पिसं फुगवून बसे, मिरचीकडे बघत नसे.

"अवो, धूर बंद करा," सुंदरा म्हणाली. "वास पायजे तर वाळा भिजवून ठेवते."

"आन गनपतीचा माल? कल्याणचा दुकानदार काय वाळ्याचं पानी नेईल?"

त्याचंही खोटं नव्हतं. बाहेर पावसाचा जोर, उदबत्ती उन्हात घालायची सोय नाही. घराच्या मधोमध शेगडी, तिच्यावर बांबूची ताटी, ताटीवर गणपतीचा सगळा माल. दारंखिडक्या बंद, नाहीतर दमट वारा आत शिरे. माल, धूर, नवरा, बायको आणि पोपट असे पाचही जण कोंडलेले.

मग सुंदराचा भाऊ धर्मा आला. तो आटगाव स्टेशनात कंदील हलवी, त्यामुळे त्याला जगातलं सगळं कळे. त्यानं साहेबाच्या डब्यात सापडलेली सुवासिक मेणबत्ती आणली होती. "दाजी, विलायती हाय. हिला धूरच नाय!" मेणबत्ती लावली. गुलाबाचा वास सुटला, धर्मानं मिशीला पीळ दिला, आणि वर मामलेदारानं डोकं पंखात खुपसलं. मेणबत्तीवरची काजळीची बारीक रेघ सरळ पिंजऱ्याकडेच निघाली होती. ती धर्मा सोडून सगळ्यांना दिसली.

पंचमी चार दिवसांवर आली. त्या दुपारी सुंदरा ठकीकडे गेलेली असताना आढ्याजवळून थेंब पडू लागला. कुंडलिक शिडी लावून माळ्यावर चढला, तिथून वाकून कौलं सारखी करू लागला, आणि त्याचं डोकं पहिल्यांदाच पिंजऱ्याच्या उंचीला आलं. तिथं श्वास म्हणून घ्यायला काही नव्हतंच. घरभरचा धूर वर येऊन तिथंच साठला होता. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. समोर हातभर अंतरावर मामलेदार चोच उघडी टाकून बसला होता. शेपटी प्रत्येक श्वासाला खाली-वर होत होती.

"आरं देवा," कुंडलिक पुटपुटला, आणि असा खोकला की माळा हलला.

त्याच वेळी सुंदरा मागच्या दारानं आत आली. ठकीचंही घर गळत होतं, तिला शिडी हवी होती. धुरात वरचं काही दिसत नव्हतं; नुसता खोकला ऐकून ती थबकली.

"खोकला गो बाई, मामलेदार खोकला!"

"अगो सुंदरे! शिडी नेऊ नको!"

"आन नवीन बोलाय लागला!" तिचा आनंद गगनात मावेना. "नाय रं नेत, माज्या सोन्या!" असं म्हणत, ठकीला बातमी सांगायला, ती शिडी घेऊन पळाली.

कुंडलिकनं पुन्हा हाका मारल्या. त्या सगळ्या पोपटाच्या खात्यात जमा झाल्या. उडी मारावी तर खाली निखारे. तो माळ्यावर पालथा पडला. आपण वळलेली प्रत्येक काडी आता आपल्याच छातीत शिरतेय असं त्याला वाटलं. वर कौलं होती. दोन सरकवली की हवा. पण त्यांच्या बरोबर खाली ताटी होती, ताटीवर महिन्याभराची मेहनत.

शेजारी मामलेदाराची मान कलली.

कुंडलिकनं डोळे मिटले आणि मुठीनं कौलं उधळली. दोन नाही, सात. पाऊस बदाबदा आत आला, शेगडी फुसफुसून विझली, उदबत्त्यांचा काळा चिखल झाला. धूर भसकन वर निघून गेला. मामलेदारानं पिसं झटकून कुंडलिकच्या तोंडावर पाणी उडवलं.

परतलेल्या सुंदरानं चिखल पाहिला, वर नवरा पाहिला, आणि शिडी लावली.

त्यानंतर शेगडी गोठ्यात गेली, बैलांची नापसंती असूनही. घरात वाळ्याची जुडी पाण्यात आली, तांब्यात सोनचाफा आला. पिंजरा खिडकीत, नाकाच्या उंचीला उतरला. पण तिथं मांजर पोचे. म्हणून कुंडलिक, कल्याणच्या दुकानदाराला काय सांगायचं ते जुळवत, काठी घेऊन दिवसभर पिंजऱ्यापाशी. आता कायमचा कोंडला गेला तो कुंडलिकच.

देवकी आली. चार दिवस पोपटाला डाळिंबाचे दाणे भरवत राहिली. मामलेदार खाई, तिच्याकडे एका डोळ्यानं बघे, एकदा हुश्शसकट खोकलाही. हाक मात्र नाही. पाचव्या सकाळी टोकावड्याची बैलगाडी दारात उभी राहिली. देवकीनं पायरी उतरून चाकावर पाय ठेवला.

"देवके!"

ती गर्रकन वळली. आवाज बापाचाच. सुंदरानं डोळ्याला पदर लावला आणि दबक्या आवाजात विचारलं, "अवो, तुमीच ना?"

कुंडलिकनं नुसती नकारार्थी मान हलवली. त्याच्या तोंडात पानाचा एवढा मोठा तोबरा होता की त्याला 'नाय' सुद्धा म्हणता आलं नसतं.