फक्त आमच्याच घरी उघडणारी फ्लॉपी

नव्वदच्या दशकात सुरतेत आम्हा खानदेशी लोकांचं एक मंडळ होतं आणि वडील त्याचे चिटणीस. मंडळाला ऑफिस नव्हतं, म्हणून कुणीतरी भेट दिलेला जुना कॉम्प्युटर आमच्या गोडादऱ्याच्या घरी, आईच्या शिलाई मशीनशेजारी राहायला आला. मी कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केलेला. त्यामुळे मंडळाची वधू-वर सूची टाइप करायचं काम माझ्यावर पडलं.

एकशेबारा मुलामुलींची माहिती एका फ्लॉपीत मावली. वडिलांना हे पटेना. ते फ्लॉपी तळहातावर ठेवून वजन बघत.

ती घेऊन आम्ही उधन्याच्या छापखान्यात गेलो. मालकांनी फ्लॉपी आत सारली. ड्राइव्ह खरखरला.

"बेन, आमां तो कशुं नथी," ते म्हणाले. म्हणजे फ्लॉपीत काहीच नाही. डिस्क फॉर्मेट करायची का, असं स्क्रीन विचारत होता आणि मालकांचं बोट 'हो'कडे निघालं होतं.

"हात लावू नका!" मी ओरडले. लग्नपत्रिका घडी घालणारा माणूस थांबून बघू लागला.

"फॉर्मेट म्हणजे?" वडिलांनी विचारलं.

"सगळं पुसून टाकणं."

वडिलांनी फ्लॉपी खिशात घातली आणि माझ्या मोपेडवर मागे बसून, खिशावर हात दाबून घरी आले. घरी ती लगेच उघडली! दुसऱ्या दिवशी नवी फ्लॉपी भरून नेली. छापखान्यात पुन्हा कोरी. उन्हाचा दोष म्हणून तिसऱ्यांदा वडिलांनी स्टीलच्या डब्यातून नेली. मालकांना वाटलं, खमण आणलंय.

शेवटी दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. "तुमच्या ड्राइव्हचं हेड सरकलंय, ताई. तो वाकडं लिहितो आणि ते वाकडं फक्त त्यालाच वाचता येतं."

"असे विद्यार्थी आहेत माझ्या वर्गात," वडील म्हणाले. ते मराठी शाळेत शिक्षक होते.

नव्या ड्राइव्हसाठी कार्यकारिणीची सभा घ्यावी लागली असती. त्यापेक्षा दुरुस्तीवाल्यांनी आमचा ड्राइव्हच काढला. पिशवीत घालून आम्ही तो त्यांच्यासह छापखान्यात नेला आणि त्यांनी तिथल्या कॉम्प्युटरला जोडला. सूची उघडली. मालक खूश होऊन पानं सरकवू लागले आणि एका नोंदीपाशी मी थबकले. ती माझी होती. उंची पाच फूट तीन इंच, गृहकृत्यदक्ष. मी पाच फूट एक इंच, आणि माझ्या पोळ्या आई पाहुण्यांपुढे ठेवत नसे.

"बाबा, हे कुणी टाइप केलं?"

वडील ड्राइव्हकडे बघत राहिले. "बिघडलाय ना तो. काहीही वाचतो."

मालकांना मराठी फारसं येत नव्हतं, तरी ते हसले. माझी नोंद काढून टाकावी असं मनात आलं. पण मी नोकरीवर गेल्यावर या माणसाने एका बोटाने अक्षरं शोधत ती टाइप केली असणार, हे डोळ्यांपुढे आलं आणि राग टिकेना. मी उंची दोन इंचांनी कमी केली, 'गृहकृत्यदक्ष' खोडून 'कॉम्प्युटर येतो' असं लिहिलं.

सूची छापून झाली. माझ्यासाठी दोन स्थळं आली. पहिल्यांनी पोळ्यांबद्दल विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. दुसरं स्थळ बमरोलीचं; त्या मुलाचे वडील चहा पिऊन झाल्यावर हळूच खिशातून एक फ्लॉपी काढून म्हणाले, "ही कुठंच उघडत नाही. जरा बघता का?"